गुड फ्रायडेची सुट्टी आणि पुढचा रविवार

गुड फ्रायडेला कचेरी बंद, बँक बंद, एवढे खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. त्यापुढचा रविवार मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण रविवारची सुट्टी तशीही असतेच. ख्रिस्ती घरात विचाराल तर खरा सण तो रविवार. त्याचे नाव ईस्टर.

मलाही त्याची याहून अधिक माहिती नव्हती. सन २०२५ च्या एप्रिलमध्ये मोहाडी तालुक्यातील करडी येथे उन्हाळी धान पाहण्यास गेलो होतो. धान निसवले होते, खोडकिडीने पांढऱ्या पडलेल्या लोंब्या कुठे कुठे दिसत होत्या. बांधावर एक म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांचा कर्ता मुलगा त्याच हिवाळ्यात गेलेला. किडीची गोष्ट बाजूला राहिली आणि त्यांनी विचारले, "साहेब, शुक्रवारी सुट्टी हाय म्हनता. त्याईचा देव मेला अन् तिसऱ्या दिवशी उठला म्हनतेत. खरं हाय का जी? मानूस परत येते का?"

खताची मात्रा विचारली असती तर तोंडपाठ सांगितली असती. म्हटले, "मावशी, मला नाही सांगता येत. भंडाऱ्यात एक ख्रिस्ती गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारून येतो."

ईस्टर त्या वर्षी २० एप्रिलला होता. सकाळीच गुरुजींकडे गेलो. ते नुकतेच कब्रस्तानातून परतले होते. पत्नीला जाऊन काही वर्षे झाली; ईस्टरच्या पहाटे तिच्या कबरीवर फुले ठेवून मेणबत्ती लावायची, हा त्यांचा नेम. चहा होईपर्यंत त्यांनी हकीकत सांगितली. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर खिळले. जवळच्याच बागेतील एका नव्या कबरेत देह ठेवून तोंडाशी धोंड लावली. रविवारी पहाटे बाया सुगंधी द्रव्ये घेऊन गेल्या, तो धोंड सरकलेली आणि कबर रिकामी! मग्दालीया मरिया बाहेर रडत उभी होती. समोर कोणी दिसला, तिला वाटले बागेचा माळी असेल. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. मला या गोष्टीत तो माळी फार आवडला.

या सणाची तारीख दरवर्षी बदलते, ती चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार धरतात, म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. २०२४ साली होळीनंतर आठवड्याच्या आत, ३१ मार्चला आला. २०२५ साली हनुमान जयंतीनंतर.

मी मावशींचा प्रश्न पुढे ठेवला. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत येणे आणि पुन्हा उठणे यांत आमच्याकडे भेद आहे." लाजर नावाच्या मित्राला येशूने कबरेतून बाहेर बोलावले, तो आपल्या जुन्या आयुष्यात परत आला, म्हणजे पुढे मरण त्यालाही चुकले नसणार. येशूचे उठणे तसे नव्हे. ते मरणापलीकडचे जीवन, आणि आपल्या माणसांनाही देव ते देईल, ही ख्रिस्ती माणसाची आशा. तरी हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुसले गेले नव्हते. थोमा नावाच्या शिष्याची शंका ते पाहूनच फिटली. आणि लाजरच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला होता. "आशा आहे म्हणून रडायचे नाही, असे कोणी सांगितले?" गुरुजी म्हणाले.

पुढे त्यांनी बियाचा दाखला काढला. येशूने आपल्या मरणाविषयी बोलताना पेरलेल्या गव्हाची उपमा दिली होती. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातही पेरणीचीच उपमा आहे. इथे माझ्यातला कृषी पदवीधर जागा झाला. म्हटले, "गुरुजी, मेलेले बी उगवत नाही. उगवणशक्ती तपासतो ती त्यासाठीच." ते हसले. "बरोबर. पण रोप उपटून पाहा, पेरलेला दाणा हाती लागतो का?"

लागत नाही. दाण्यातल्या पिठाची साखर होते, ती खाऊन अंकुर वाढतो, आणि धानाला तिसरे पान फुटेपर्यंत मुळाशी रिकामे फोल तेवढे चिकटलेले असते. पेरले ते रूप गेले, आले ते दुसरे, तरी वाण तोच. उपमा ती उपमाच, हे मात्र ध्यानात ठेवावे. बी उगवणे हा निसर्गाचा नियम आहे. पुनरुत्थानाला ख्रिस्ती लोक नियम म्हणत नाहीत, देवाची करणी म्हणतात, आणि ती शेतात तपासून दाखवता येत नाही.

ही आशा धरून माणूस जगतो कसा, याचे उदाहरण गुरुजींनी पंडिता रमाबाईंचे दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून (आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता) त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा पुणे जिल्ह्यात केडगावला नेऊन सांभाळल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. बाई थकल्या होत्या, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, ईस्टरला अकरा दिवस असताना.

दोन दिवसांनी करडीला जाऊन मावशींना जमेल तसे सांगितले. मुलगा या बांधावरून चालत येईल असे ते लोकही म्हणत नाहीत, देवाघरी नव्या रूपात भेट होईल म्हणतात, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकले. "म्हंजे रडनं चालते त्याईच्यात," एवढेच बोलल्या.

मग मला घरात नेले. कोपऱ्यात बियाण्याचे पोते होते. दिवाळीनंतरच्या मळणीत मुलाने निवडून ठेवलेले. घरचे भरडायला मागत होते, मावशी हात लावू देत नव्हत्या. "असंच ठेवून देऊ का जी?"

हा प्रश्न माझ्या कामातला होता. घरात ठेवलेले धान दोन पावसाळे गेले की उगवायला भरवशाचे राहत नाही, हे सांगितले. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहा, ऐंशीच्या वर उगवले तर पेरा; पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून त्यात बी बुडवा, तरंगेल ते काढून टाका, बुडालेले दोनदा चांगल्या पाण्याने धुवा.

जूनमध्ये गेलो तेव्हा गोणपाट उलगडून आम्ही दोघांनी दाणे मोजले. शंभरात एक्याण्णव. पोते पऱ्ह्यासाठी बाहेर निघाले. मूठभर धान मावशींनी फडक्यात बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवले होते. "तेवढं राहू द्या जी," म्हणाल्या. मी बरे म्हटले.