मोटारीच्या चाकाचें बेअरिंग घरीं बदलतांना

मोटारीला कोठें दुखतें हें ती बहुधा आवाजानेंच सांगते. चाकाचें बेअरिंग झिजूं लागलें म्हणजे जात्याच्या घरघरीसारखा एक घोगरा नाद ऐकूं येतो. वेगाबरोबर तो चढतो, पण गिअर बदलला तरी पालटत नाहीं. यावरून तो इंजिनाचा नव्हे, चाकाचा, एवढें समजतें. कोणतें चाक हें ओळखण्यासाठीं मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित् डावीकडे वळवावी. वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो. त्या वेळीं नाद वाढला तर दोष उजवीकडे, उतरला तर डावीकडे, असा संभव अधिक.

मी मुलांना गणित शिकविणारा मनुष्य. यंत्रांशीं माझा परिचय झाला तो घरच्या जुन्या गाडीमुळें. ती मागच्या चाकांनीं चालणारी असून तिच्या पुढील चाकांत निमुळत्या रुळांचीं बेअरिंगें आहेत. हा प्रकार अमेरिकेंतील सेंट लुईस येथील हेन्री टिमकेन नांवाच्या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराचा; त्याचें पेटंट 1898 सालचें. गाडीचें वजन वरून दाबतें आणि वळणावर आडवा रेटाही बसतो. निमुळते रूळ हीं दोन्ही ओझीं एकदम सोसतात. म्हणून प्रत्येक चाकांत दोन बेअरिंगें, निमुळत्या बाजू समोरासमोर करून बसविलेलीं असतात.

आतां कामास लागूं. सपाट, घट्ट जमीन पाहावी, मागील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावे आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. जॅकनें गाडी उचलली कीं ती लोखंडी घोडीवर टेकवावी. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, पेलून धरण्याचें नव्हे. केवळ त्याच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालणें हा आत्मघात समजावा.

चाक वर आलें कीं तें माथ्यावर व तळाशीं धरून हलवून पाहावें. खडखड लागली तर घरांतील कोणाला तरी ब्रेक दाबून धरावयास सांगावें. ब्रेक दाबतांच हालचाल थांबली तर दोष बेअरिंगाचा. न थांबली तर तो पुढील सांध्यांचा, आणि मग बेअरिंग बदलून उपयोग नाहीं. ही परीक्षा न करतां नवीं बेअरिंगें घेऊन येणारे पुष्कळ.

चाक काढल्यावर हबाच्या तोंडाची टोपी, कॉटर पिन, कंगोऱ्यांचा नट व वायसर निघतो. मग बाहेरचें बेअरिंग हातांत येतें. ढोल ओढून काढला कीं पाठीमागें ऑइल सील व आंतील बेअरिंग. ढोलांतील धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, तें छातीला घातक. ओल्या फडक्यानें पुसावें.

बेअरिंगाचा बाहेरचा कप हबांत घट्ट बसलेला असतो. रूळ नवे आणि कप जुना अशी काटकसर करूं नये. दोघांची झीज जोडीनें झालेली असते. पितळेच्या दांड्यानें आळीपाळीनें समोरासमोर ठोके देत कप काढावा. नवा कप बसवितांना जुनाच कप पालथा वर ठेवून ठोकावा, म्हणजे पृष्ठभाग खराब होत नाहीं. तो तळाशीं टेकला म्हणजे ठोक्याचा स्वर बदलतो. पोकळ आवाज जाऊन भरीव येतो. कानाला ही खूण एकदां समजली कीं ती विसरत नाहीं.

दुकानीं नवें बेअरिंग मागतांना जुन्यावरील आंकडा न्यावा. बहुतेक प्रमाणित बेअरिंगांत शेवटचे दोन अंक 04 किंवा त्याहून अधिक असले तर त्यांस पांचानें गुणिलें म्हणजे आंतील भोकाचा व्यास मिलिमीटरांत येतो. 05 म्हणजे 25. गणिताच्या शिक्षकास याहून गोड गोष्ट ती कोणती! ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगाच्या रुंद बाजूनें, तें दुसऱ्या बाजूनें बाहेर डोकावेपर्यंत भरावें. जुन्या जातीचें ग्रीस पूर्ण धुऊन टाकावें. दोन जाती मिसळल्या तर पातळ होऊन वाहूं शकतात.

खरी कसोटी नट आवळण्याची. पहिल्या वेळीं मीं तो सर्व ताकद लावून आवळला, कारण सैल चाकाची मला धास्ती वाटे. पत्नी व नातू यांसह पुण्याहून साताऱ्यास निघालों. खंबाटकीच्या घाटांत जळक्या तेलाचा वास आला. उतरून पाहिलें तर हबाला हात लावतां येईना, आणि त्याची टोपी निळसर झालेली. मुलाला रस्त्याच्या कडेला दूर उभें करून ती निवण्याची वाट पाहत बसलों तेव्हां माझी चूक ध्यानांत आली. निमुळत्या रुळांना श्वास घेण्यापुरती जागा लागते. सामान्यतः एक ते पांच हजारांश इंच. ती न ठेवली तर घर्षणानें ते तापतात, आणि पुढें बेअरिंग जाम होऊन चाक अडकण्याचा धोका असतो. रीत अशी: चाक फिरवीत राहून नट पान्यानें आवळावा म्हणजे रूळ आपल्या जागीं बसतात, मग तो पुरता सैल करून केवळ बोटांनीं टेकवावा. पिनेचें भोक जुळत नसेल तर पुढें आवळूं नये, मागें सोडावा. कॉटर पिन प्रत्येक वेळीं नवी घ्यावी. गाडीच्या पुस्तकांत निराळें माप दिलें असेल तर तें प्रमाण मानावें.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मात्र हें कांहीं लागू नाहीं. त्यांचीं बेअरिंगें बंद पेटीसारखीं असतात. कित्येकांत तीं दाबयंत्रानेंच बसतात, आणि दाब ज्या कड्यावर बसवावयाचें त्याच कड्यावर न पडला तर नवें बेअरिंग बसवितांनाच निकामी होतें. कांहींच्या एका तोंडावर चाकाची गति मोजणारें चुंबकीय कडें असतें. तें उलटें बसलें तर ब्रेकची यंत्रणा बिघडलेली दाखविते. तीं कामें कारखान्यांतच करवून घ्यावीं.

जुन्या गाडीचें काम संपलें कीं चाकाचे नट समोरासमोर क्रमानें आवळावे, गाडी घोडीवरून उतरवून पुन्हां एकदां आवळावे, आणि आठ-दहा किलोमीटर चालवून थांबावें. हात पालथा करून हबाजवळ न्यावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर तेथेंच थांबून नट सैल करावा. मी आतां घाट चढण्यापूर्वी गांवाबाहेर एकदां उतरतों, आणि नातू विचारतो, आजोबा, गरम आहे का?