भूक नसणे आणि भूक नाकारणे : आहारविकृतींचा व्यवच्छेद

‘अन्न जात नाही’ ही चिकित्सालयात नित्य ऐकू येणारी तक्रार होय. ती ऐकताच अग्निमांद्य किंवा अरोचक मनाशी धरून दीपन-पाचनाची योजना करावी, हा आपल्या व्यवसायातील रूढ क्रम आहे आणि बहुसंख्य रुग्णांत तो यथार्थही ठरतो. परंतु काही रुग्णांत भूक नष्ट झालेली नसते. ती निग्रहाने नाकारली जात असते. किशोरवयीन मुली व तरुण स्त्रियांत हे अधिक आढळते. मात्र मुलगे व पुरुष यातून सुटलेले नाहीत. अशा रुग्णाला अग्निदीपक औषध देऊन काय साधणार? म्हणूनच आहारविकृतींचे प्रकार आणि त्यांतील भेद वैद्यबंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा

हे नाव विल्यम गल या इंग्रज वैद्याने दिले. त्याचा निबंध १८७४ साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या लासेग याने १८७३ मध्येच अशा रुग्णांचे वर्णन केले होते. नावाचा शब्दशः अर्थ ‘भूक नसणे’ असला तरी तो दिशाभूल करणारा आहे. रुग्णाला वजन वाढण्याचे विलक्षण भय असते; देह अस्थिपंजर झाला तरी तो त्याला स्थूल भासतो. भूक असूनही तो खाणे टाळतो, अतिव्यायाम करतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात वर्णिलेल्या अरोचकात मुखाची रुची बिघडते आणि रुग्णाला त्याचे दुःख असते. येथे वजन घटल्याचे रुग्णाला समाधान वाटते. हा भेद एका प्रश्नाने उघड होतो : ‘दोन-चार किलो वजन वाढले तर कसे वाटेल?’ अरोचकाचा रुग्ण सुखावतो. हा रुग्ण धास्तावतो.

शोक, भय, क्रोध यांपासून होणारा मानस अरोचक शास्त्राला ज्ञात आहे. तथापि त्यातही देहाच्या आकाराविषयीचे भय हे लक्षण नाही. म्हणून दोहोंना एकच समजणे योग्य नव्हे.

बुलिमिया नर्व्होसा

जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये हा विकार स्वतंत्रपणे वर्णिला. अल्पावधीत अनावर खाणे, त्यानंतर तीव्र अपराधभाव आणि मग स्वतः वमन करणे, रेचक घेणे वा उपाशी राहणे, असे हे चक्र असते. वजन बहुधा प्राकृत असल्याने घरच्यांनाही संशय येत नाही. वैद्याने मात्र हाताच्या पाठीवर बोटांच्या सांध्यांशी पडलेले घट्टे, दातांच्या आतील बाजूची झीज आणि कानाखालील लालाग्रंथींची सूज पाहावी. तीक्ष्णाग्नी अथवा भस्मकाशी याचा घोळ होऊ शकतो. भस्मकात अन्न पचताच पुन्हा पीडा होते आणि खाल्ल्याने शांती मिळते. बुलिमियात खाणे भुकेसाठी नसते आणि खाल्ल्यानंतरच ग्लानी सुरू होते.

अन्य प्रकार

बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये अनावर खाणे असते. पण त्यानंतर वमन-रेचनादी उपाय नियमितपणे केले जात नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. अतिस्थौल्याच्या रुग्णाला केवळ लंघन सांगण्यापूर्वी हा प्रकार वगळावा. कारण कडक निर्बंधानंतर अनावर खाण्याचा झटका अधिक जोराने येतो. त्याच आवृत्तीत आणखी एक प्रकार नोंदला गेला. त्यात अन्नाचा स्पर्श, गंध किंवा घास अडकण्याचे भय यांमुळे आहार अत्यंत संकुचित होतो. मात्र स्थूलतेचे भय मुळीच नसते. अखेर पायका, म्हणजे माती, खडू, चुना यांसारखे अखाद्य खाणे. मृद्भक्षणजन्य पांडू शिकलेल्या वैद्यास हे नवे नाही; अशा रुग्णाचे रक्त व लोह अवश्य तपासावे.

औषधयोजनेतील धोके

वारंवार वमन किंवा रेचन करणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची गती अकस्मात बिघडू शकते. हाच रुग्ण ‘आम्लपित्त’ व ‘मलावरोध’ अशा तक्रारी घेऊन येतो. आम्लपित्तावर सहज दिल्या जाणाऱ्या अविपत्तिकर चूर्णात निशोत्तराचे प्रमाण मोठे आहे, म्हणजे ते रेचकच होय. घशाच्या दाहासाठी दिलेले ज्येष्ठमध अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम आणखी घटवते. औषध एकेकटे निर्दोष असले तरी या रुग्णात ते घातक ठरू शकते.

औषधविक्रेत्यांनीही येथे सजग असावे. सोनामुखीयुक्त चूर्ण वा गोळ्या एकच तरुण व्यक्ती दर आठवड्यास नेत असेल, तर हसून पुडी बांधण्याऐवजी दोन शब्द विचारावेत आणि वैद्याकडे पाठवावे. रेचकाने मुख्यतः जल व क्षार जातात, मेद नव्हे, हेही सांगावे.

दीर्घकाळ उपाशी असलेल्या रुग्णास एकदम बृंहण देणे हाही मोठा धोका आहे. आहार अकस्मात वाढल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरते व प्राणावर बेतते. आपला संसर्जन क्रम पेयेपासून पायरीपायरीने चढतो, त्यामागील सावधगिरी येथेही उपयुक्त आहे. तथापि अतिकृश रुग्णात हा क्रम रुग्णालयात, रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच पाळावा.

आपले कर्तव्य

इतिहास घेताना रुग्णाशी एकांतात बोलावे. उपवासांविषयी विचारावे, व्रत करणारा पारण्याची वाट पाहतो, हा रुग्ण पारण्याला भितो. मासिक पाळी, चक्कर, थंडी सहन न होणे यांची नोंद घ्यावी. मूर्च्छा, मिनिटाला ५० हून कमी नाडी, वेगाने घटणारे वजन, सततचे वमन किंवा आत्मघाताचे विचार असल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. शोधनकर्माचा विचारही करू नये. इतर रुग्णांतही मनोविकारतज्ज्ञाचा सहभाग आवश्यक आहे. किशोरवयीनांत कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार आणि बुलिमियात वर्तनचिकित्सा गुणकारी ठरल्या आहेत. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा.

चरकाचार्यांनी युक्तिव्यपाश्रयाबरोबर सत्त्वावजयही सांगितला, तो अशाच रुग्णांसाठी. घरच्यांच्या रागाने आणि ‘जेव गं मुकाट्याने’ अशा दटावणीने हा रोग बरा होत नाही, हे पालकांना समजावणे हे कोणत्याही चूर्णाइतकेच मोलाचे कार्य आहे. अग्नीची परीक्षा आपण करतोच. अन्नासंबंधी रुग्णाच्या मनात काय आहे, हेही प्रत्येक वेळी विचारले जावे, एवढीच आमची समस्त वैद्यवर्गास विनंती आहे.