चहूकडून येणारी फाइल

‘टॉरेंट’ म्हणजे लोंढा. पावसाळ्यात मुंबईच्या हिंदमाताला अडकलेल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भाग बशीसारखा खोलगट. चारही बाजूंनी पाणी येतं आणि बघता बघता गुडघ्याला लागतं.

टॉरेंटची फाइलही तशीच येते. एरवी आपण एकाच सर्व्हरवरून फाइल उतरवतो. गर्दी झाली की तो धापा टाकतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या बिटटॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे पडतात. एक तुकडा नागपूरच्या संगणकावरून येईल, दुसरा बर्लिनहून. आणि तुमच्याकडे पोचलेला तुकडा तुमच्याकडून तिसऱ्याला जाऊ लागतो. घेणारेच देणारे होतात, म्हणून गर्दी इथे फायद्याची. प्रत्येक तुकड्याची ‘हॅश’ नावाची खूण ‘टॉरेंट फाइल’ नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये नोंदलेली असते. ती जुळली नाही तर तुकडा बाद, पुन्हा मागवायचा.

सुरुवातीला क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन हा प्रोग्रॅम घ्या, दोन्ही फुकट आहेत. मग उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत संकेतस्थळावरची टॉरेंट फाइल त्यात उघडा. मोबाइल डेटावर हा उद्योग नको. दुसऱ्यांना दिलेलाही तुमच्याच पॅकमधून जातो. फाइल आली की लगेच पळू नका, घेतलं तेवढं तरी परत द्या.

नवा सिनेमा उतरवून ‘कोणाला कळतंय?’ म्हणणाऱ्यांसाठी: तुमचा आयपी पत्ता देवाणघेवाणीतल्या बाकीच्यांना दिसतो, आणि कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.