अंबड परिसरातील ऐतिहासिक वास्तू : शिलालेख आणि परंपरा

जालना जिल्ह्यातील अंकुशनगरची ओळख सहकारी साखर कारखान्यामुळे असली, तरी ज्या अंबड तालुक्यात ते वसले आहे त्याचा वास्तुवारसा जुना व काहीसा उपेक्षित आहे. जालना येथील गढी निजाम-उल-मुल्काच्या आज्ञेने काबिलखानाने १७२५ मध्ये बांधल्याचे फारसी शिलालेखावरून कळते. अंबडबाबत मात्र मुख्य भिस्त परंपरेवरच आहे. मत्स्याकृती टेकडीवरील मत्स्योदरी देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार व गावातील पुष्करणी बारव यांचे श्रेय अहिल्याबाई होळकर (कारकीर्द १७६७-१७९५) यांना दिले जाते.

इंदूरच्या राज्यकर्तीने निजामाच्या मुलखालगत बांधकाम का करावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर मंदसोरच्या तहात (१८१८) सापडते. सातपुड्याच्या दक्षिणेकडील जे परगणे होळकरांनी या तहान्वये सोडले, त्यांत अंबडचाही समावेश होता. म्हणजेच अहिल्याबाईंच्या काळी अंबड परमुलूख नव्हता. अर्थात, यावरून परंपरा संभाव्य ठरते, सिद्ध होत नाही. सिद्धतेसाठी दगडांची घडण, सांधे व थर तपासावे लागतील; आणि आजकालच्या जीर्णोद्धारात फरशी व तैलरंगाखाली प्रथम झाकले जाते ते हेच.