उबेची दोन टोके

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाचीकडे बॉल पायथन या आफ्रिकी अजगराचे पिल्लू आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या पोटावर तपकिरी डाग दिसला. पशुवैद्यांनी निदान केले, भाजले आहे. पेटीत दिवा नव्हता, विस्तव नव्हता. होती ती फक्त काचेखाली चिकटवलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. "मामा, चटका बसत होता तर ते सरकलं का नाही?" भाचीने विचारले. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. सापांविषयी जे कळते ते वाचून आणि जाणकारांच्या मागे हिंडून. या प्रश्नाने मला तापमापक घेऊन त्या पेटीसमोर बसवले.

सापाला आपण 'थंड रक्ताचा' म्हणतो, ते फसवे आहे. शरीरात ऊब निर्माण करून ती टिकवण्याची सोय त्याच्याकडे नसते, इतकेच. ती तो ऊन, दगड, माती यांच्याकडून घेतो आणि पुरेशी झाली की सावलीत सरकतो. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही, साप तो ओकून टाकतो. याला एक सुंदर अपवाद आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आढळणाऱ्या आपल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि स्नायू थरथरवून स्वतः ऊब निर्माण करते. पॅरिसमध्ये व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने १८४१ साली अंडी उबवणाऱ्या अजगराचे तापमान मोजून हे दाखवून दिले होते. पण अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लाला आपली ऊब आपणच शोधावी लागते.

म्हणून सापाच्या पेटीत एक नव्हे, दोन तापमाने ठेवावी लागतात. बॉल पायथनच्या पिल्लासाठी एका टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २६. किती ऊब घ्यायची ते पिल्लू ठरवते. आपण फक्त वाट मोकळी ठेवायची. मात्र लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. भाचीचे इथेच चुकले होते. लपायला नारळाची करवंटी एकच, तीही बरोबर मॅटवर. तिथल्या काचेचे तापमान मी मोजले, ते ४३ अंश भरले. एवढ्याशा सापाला उघड्यावर पडून राहणे म्हणजे मरण वाटते. भीती आणि चटका यांत त्याने चटका पत्करला. शिवाय तो एकदम बसलेला नव्हता. तासन्‌तास थोडाथोडा भाजत गेला होता.

थर्मोस्टॅट लावलेला नव्हता. "मुंबईत कशाला लागतो?" असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रश्न वरवर रास्त आहे. सांताक्रूझच्या नोंदींत पारा सर्वांत खाली, ७.४ अंशांवर, गेला तो १९६२च्या जानेवारीत. एरवी आपल्या उपनगरांत थंडी अशी किती असते? पण मॅट खोलीच्या तापमानावर आपली भर घालते. थंड देशात जी बेताची ठरते, तीच इथे उन्हाळ्यात भाजून काढते. आणि आपल्याकडची थंडी आकाशातून कमी, एसीतून जास्त येते. भाचीच्या खोलीत रात्री एसी २२वर, सकाळी बंद. बारा तासांत दोन ऋतू, आणि मॅट दोन्हींत सारखीच चालू.

उपाय महागडे नाहीत. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटला टेकलेला असावा आणि आतल्या तळाचे तापमान ३२च्या वर जाऊ नये. ते मोजायला कोविडकाळात कपाळावर रोखायचे यंत्र चालत नाही, कारण ते माणसाच्या अंगाच्या हिशेबाने बेतलेले असते; इलेक्ट्रिशियन वापरतात ते घ्यावे. पावसाळ्यात हवा खेळती ठेवावी, नाहीतर ओल्या भुशात पोटाचे खवले सडतात. वीज गेली तर घाबरू नये. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची गेली होती तशी काही तास गेली, तरी इथल्या उकाड्यात पिल्लाचे काही बिघडत नाही. इथे विजेच्या जाण्यापेक्षा तिच्या बेताल असण्याचा धोका मोठा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळे परदेशी सापापुरते आहे, आणि त्याचीही परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आपले साप घरात पाळता येत नाहीत. पावसाळ्यात सोसायटीत धामणीचे किंवा दिवडाचे पिल्लू निघाले, तर त्याला ऊब देत बसू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

भाचीने आता दुसऱ्या टोकाला आणखी एक करवंटी ठेवली आहे. त्यानंतर पिल्लाने तीन वेळा कात टाकली. डाग फिकट झाला आहे, गेलेला नाही. जेवण झाले की ते दोन दिवस उबेच्या टोकाला पडून असते. मग एका रात्री, कोणी पाहत नसताना, दुसऱ्या करवंटीत जाते.