त्र्याहत्तर सेकंद आणि त्यानंतर

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या ओढ्याला अचानक पूर आला आणि आमच्या आळीतला एक तरुण मोटारसायकलसह वाहून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी सांत्वनाला माणसे जमली असतानाच एका वाहिनीचा वार्ताहर कॅमेरा घेऊन दारात उभा राहिला. ओसरीवर बसलेल्या त्याच्या आईपुढे माईक धरून त्याने विचारले, "तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" काकूंनी मान वर करून पाहिले, बोलल्या काहीच नाहीत. ते दृश्य त्या दिवशी पुन्हा पुन्हा दाखवले गेले. मला संताप आला. पण संतापाच्या भरात मी ते पाहतच राहिलो, इतकेच नव्हे तर 'बघ, काय दाखवतात हे लोक' असे लिहून शहरातल्या दोन मित्रांना मोबाईलवर पाठवलेही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी स्मृतीचा विषय शिकवताना 'चॅलेंजर' यानाच्या दुर्घटनेचे उदाहरण दिले. ते ऐकताना मला ती ओसरी आठवली. मग ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचले. त्या वाचनातून जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम घटना काय घडली ते पाहू. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील केनेडी अंतराळ केंद्रावरून 'चॅलेंजर' हे यान झेपावले आणि ७३ सेकंदांनी, सुमारे १४ किलोमीटर उंचीवर, त्याची शकले झाली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. यानातील सातही जण मृत्युमुखी पडले: फ्रान्सिस स्कोबी, मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेअर, ग्रेगरी जार्विस आणि क्रिस्टा मॅकऑलिफ.

यांपैकी शेवटचे नाव फार महत्त्वाचे. क्रिस्टा मॅकऑलिफ या अंतराळवीर नव्हत्या. न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉन्कर्ड या गावच्या हायस्कुलात त्या सामाजिक शास्त्रे शिकवीत. अंतराळातून मुलांना धडा द्यावयाचा या योजनेसाठी अकरा हजारांहून अधिक शिक्षकांनी अर्ज केले होते. त्यांतून त्यांची निवड झाली. लोकांना अंतराळयानाचे कौतुक पूर्वीइतके राहिले नव्हते. ही त्या कार्यक्रमातील पंचविसावी फेरी होती. पण आपल्यासारखीच एक बाई, दोन मुलांची आई, खडू-फळ्यावर जगणारी, ती आकाशात निघाली म्हटल्यावर घराघरांत उत्सुकता निर्माण झाली. देशभरच्या शाळांत हे उड्डाण थेट दाखविण्याची सोय केलेली होती. म्हणून हा आघात थेट वर्गांमध्ये, बाकांवर बसलेल्या मुलांवर झाला. त्या दिवशी अध्यक्ष रेगन यांनी आपले वार्षिक भाषण पुढे ढकलून राष्ट्राला उद्देशून जे थोडे शब्द सांगितले, त्यांतले काही खास शाळकरी मुलांसाठी होते.

आता सरांनी सांगितलेली गोष्ट. आज अमेरिकेतील पुष्कळ माणसे सांगतात की, 'चॅलेंजर' कोसळताना आम्ही थेट पाहिले. वस्तुस्थिती अशी की, मोठ्या वाहिन्यांपैकी बहुतेकांनी ते उड्डाण थेट दाखविलेच नव्हते. सी.एन.एन. ही तेव्हाची नवखी वृत्तवाहिनी ते दाखवीत होती, आणि शाळांकडे जाणारे प्रक्षेपण होते. बाकीच्यांनी पाहिले ते नंतर, पुन्हा पुन्हा दाखविलेले. अल्रिक नाइसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी तुम्हाला कशी कळली' हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. पहिल्या वेळी सुमारे पाचांतील एकाने दूरदर्शन संचावरून कळल्याचे लिहिले होते. दुसऱ्या वेळी जवळजवळ निम्म्यांनी तसे लिहिले. चारांतील एकाचे उत्तर तर प्रत्येक तपशिलात चुकले होते. आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पुरेपूर खात्री होती!

याचा अर्थ ही माणसे खोटे बोलत होती असा नाही. मित्राने वर्गात येऊन सांगितले, कोणी जिन्यात सांगितले, ही साधी आठवण पुसली जाऊन तिच्या जागी पडद्यावरचा तो धुराचा दुभंगलेला लोळ येऊन बसला. पुनरावृत्तीची शक्ती ही अशी असते. चित्र इतक्या वेळा दाखवावे की ते पाहणाऱ्याची स्वतःची आठवण होऊन बसावे!

पण पडद्यावर केवळ धूरच नव्हता. प्रेक्षकांसाठी उभारलेल्या मंचावर मॅकऑलिफ यांचे आईवडील उभे होते, आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळलेला होता. प्रथम त्यांच्या चेहऱ्यावर आनंद, मग गोंधळ, मग हळूहळू उमजत जाणे, हे सारे टिपले गेले आणि जगभर दाखविले गेले. कॉन्कर्डच्या शाळेत मुले वाढदिवसाच्या टोप्या घालून, पिपाण्या घेऊन सभागृहात बसली होती. तेथेही वार्ताहर होतेच. अखेर त्यांना शाळेबाहेर जाण्यास सांगावे लागले.

आपल्याकडे कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला की आपण भेटायला जातो. तेथे फारसे बोलायचे नसते. शेजारी चूल पेटवून पिठले-भाकरी पोचवतात. दहावा होतो, तेरावा होतो, आणि मग माणूस हळूहळू कामाला लागतो. या रिवाजांतले काही जुनाट असेल, पण त्यांत एक शहाणपण आहे: दुःखाला तेथे उंबरठा असतो आणि मुदत असते. पडद्यावरच्या दुःखाला दोन्ही नाहीत. बघणारा घरात शिरतो, पण हाती भाकरी घेऊन नव्हे. आणि ज्याचे माणूस गेले, त्याला तोच क्षण रोज नव्याने सोसावा लागतो. 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे' हा आपला वाक्प्रचार कठोर आहे खरा, पण तो कोणासाठी केला असेल हे अशा वेळी कळते.

या अतिरेकाला एक विचित्र प्रतिक्रियाही उमटली. दुर्घटनेनंतर लवकरच अमेरिकेत त्या मृत अंतराळवीरांवर अत्यंत क्रूर विनोद पसरले. मला ते वाचून शिसारी आली. पण लोकसाहित्याचे अभ्यासक एलियट ओरिंग यांनी १९८७ साली त्यांचा निराळा अर्थ लावला. त्या विनोदांत जाहिरातींतील ओळखीच्या वस्तूंची नावे वारंवार येतात. एका क्षणी सात माणसांचा मृत्यू, निवेदकाचा गंभीर चेहरा, आणि पुढल्याच क्षणी साबणाची किंवा शीतपेयाची जाहिरात, ही विसंगती पडद्याने आधीच निर्माण केली होती. विनोदांनी ती उघडी पाडली, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. म्हणजे तो विनोद मृतांपेक्षा आपल्याला दुःख करायला शिकविणाऱ्या यंत्रणेवर होता. हे स्पष्टीकरण मला पूर्ण पटत नाही, कारण मृतांच्या मुलांच्या कानी तो विनोद पडला तर त्यांना हा अर्थ कोण समजावून सांगणार? पण विचार करायला लावणारे ते खचितच आहे.

मग वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी गप्प बसावे काय? येथे मात्र घाई करता कामा नये. 'चॅलेंजर'चा अपघात हा दैवाचा घाला नव्हता. यानाच्या बाजूच्या घन इंधनाच्या अग्निबाणांचे भाग जेथे जोडलेले असतात, तेथे रबरी कडी बसविलेली असतात. आदल्या रात्री फ्लोरिडात पाणी गोठण्याइतकी थंडी पडली होती, आणि उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. थंडीत ती कडी ताठरतात, असे बजावून अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी, त्यांत रॉजर बॉइजोली प्रमुख, आदल्या रात्रीच्या दूरध्वनी-बैठकीत उड्डाणाला विरोध केला होता. व्यवस्थापनाने तो मानला नाही. सांध्यातून तप्त वायू सुटले आणि पुढचे सारे घडले.

या कड्यांविषयी नासाच्या अंतर्गत कागदपत्रांत पूर्वीच इशारे होते, हे ९ फेब्रुवारी १९८६ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले. पुढे दोनच दिवसांनी रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने चौकशी आयोगासमोर, कॅमेऱ्यांच्या साक्षीने, रबराचा एक तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो थंडीत आपला लवचिकपणा कसा गमावतो ते दाखविले. तोच कॅमेरा, तोच पडदा. पण येथे त्याने लोकांना शहाणे केले.

गंमत अशी की, हेच वृत्तपत्र नंतर वादाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. यानाच्या कक्षातील ध्वनिमुद्रणाचा लेखी मजकूर नासाने प्रसिद्ध केला होता. 'टाइम्स'ने मूळ फीत मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले. प्रथम निकाल वृत्तपत्राच्या बाजूने लागले, पण अखेर १९९१ साली न्यायालयाने फीत देण्यास नकार दिला. शब्द तर आधीच जाहीर आहेत. आता उरला तो केवळ गेलेल्या माणसांचा आवाज, आणि त्यावर पहिला हक्क त्यांच्या कुटुंबीयांचा, असे त्या निर्णयाचे सार सांगता येईल. मला या निकालात एक कसोटी सापडली. रबराच्या कड्याची बातमी पुढचा अपघात टाळू शकते. आईच्या चेहऱ्यावरील वेदना पुन्हा दाखवून कोणता अपघात टळतो? जे समजल्याने जबाबदारी निश्चित होते ते सांगावे. जे केवळ पाहण्यासाठी पाहिले जाते ते झाकावे.

अर्थात बातमी छापून आली म्हणून धडा घेतलाच जातो असे नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान परतीच्या वाटेवर टेक्सासवर भंगले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, आणि याही वेळी अभियंत्यांची शंका वर पोचली नाही. सात मृतांत हरियाणातील करनालच्या कल्पना चावला होत्या. त्या संध्याकाळी आपला देशही पडद्यासमोर बसला होता. पुढे भारताने आपल्या हवामान-उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिले. शोक व्यक्त करण्याची हीही एक रीत आहे, आणि मला ती अधिक भावते. तो उपग्रह पुढे कित्येक वर्षे ढगांची चित्रे पाठवीत राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा काकूंकडे गेलो. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, "कोण आलं, कोण गेलं, मला काही आठवत नाही रे. पलीकडच्या वहिनी दहा दिवस भाकरी घेऊन यायच्या, तेवढं आठवतं." कॅमेऱ्याचे नाव त्यांनी काढले नाही. मी पाठवलेल्या त्या दृश्याबद्दल सांगायचे असे ठरवूनच गेलो होतो. ओसरीवर बसल्यावर ते धैर्य झाले नाही. चहा घेऊन परत आलो.

वार्ताहराला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोषी आहेही. पण त्याने ते दृश्य दाखविले ते माझ्यासारखे पाहणारे आहेत म्हणून. यापुढे असे काही हाती आले तर पुढे पाठविण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारणार आहे: या घरी मी भाकरी घेऊन गेलो असतो का? जे काकूंना सांगता आले नाही, ते येथे लिहिले आहे.