न झालेली घट आणि बिचारा इतिहासाचा पेपर

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश घटले की खापर फोडायला एक डोकं तयारच असतं: 'जनरल एज्युकेशन', म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे सक्तीचे विषय. इंजिनिअरिंगला निघालेल्या पोराला इतिहास आणि निबंधलेखन कशाला, त्यात पैसे जातात, मुलं कंटाळतात आणि म्हणून कॉलेजकडे पाठ फिरवतात, असा हा समज. आपल्याकडे मुलांना पदवीसाठी तिकडे धाडणारे पालकही हेच ऐकून बसलेले असतात. पण आधी आकडे पाहू. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रवेशांची आकडेवारी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसने पहिल्या वर्षाचे प्रवेश ५ टक्क्यांनी घटल्याचं प्राथमिक अहवालात सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच संस्थेने चूक मान्य केली. अंतिम आकडा उलटा निघाला, साडेपाच टक्के वाढीचा, म्हणजे सुमारे १,३०,००० जादा विद्यार्थ्यांचा. पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी 'ड्युअल एनरोलमेंट'च्या, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेणाऱ्या मुलांच्या, रकान्यात मोजले गेले होते. मधल्या तीन महिन्यांत न झालेल्या घटीची कारणमीमांसा मात्र रंगली.

खरी घटही झालेली आहे, नाही असं नाही. २०२०च्या 'फॉल' सत्रात पहिल्या वर्षाचे प्रवेश सुमारे १३ टक्क्यांनी कोसळले, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत तर सुमारे २१ टक्क्यांनी. पण त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला नव्हता, कोविड आला होता. उलट २००८च्या मंदीनंतर नोकऱ्या गेल्या तेव्हा हेच विषय सक्तीचे असूनही प्रवेश फुगले आणि २०१०च्या सुमारास पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या शिखरावर पोचली. पुढची घट तर जन्मनोंदणीतच लिहिलेली आहे. अमेरिकेत २००७मध्ये सुमारे ४३ लाख मुलं जन्मली, त्यानंतर जन्म घटत गेले. ती २००७ची मुलं २०२५मध्ये अठरा वर्षांची झाली. जी मुलं जन्मालाच आली नाहीत त्यांना निबंधलेखनाचा कंटाळा कसा येणार?

दुसरा समज असा की हे विषय पदवीवर लादलेलं जादा ओझं आहे. चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा जनरल एज्युकेशनचा. टेक्सासमध्ये हा गाभा ४२ क्रेडिटचा आहे. तो एका सरकारी कॉलेजात पुरा केला की दुसऱ्या सरकारी कॉलेजात जसाच्या तसा धरला जातो. पदवीला बसलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी पहिल्या तीन वर्षांत मुख्य विषय बदलतात. तेव्हा मेकॅनिकलचे पेपर अर्थशास्त्रात फारसे चालत नाहीत, जनरल एज्युकेशनचे मात्र बहुतेक चालतात. तंत्रशिक्षणाचं काशीक्षेत्र मानलं जाणारं एमआयटीसुद्धा पदवीसाठी मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रांचे आठ विषय घ्यायला लावतं.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांत पदवी मिळते, मग यांना चार का लागतात, हा आक्षेप वजनदार आहे. पण तिथली मुलं सोळाव्या वर्षीच बहुधा तीन विषय निवडून बाकीचे सोडून देतात. अमेरिकेची शाळा ती निवड करायला लावत नाही, म्हणून ती कॉलेजात होते. यादीतून हा एक, तो एक असे सुटे विषय उचलून कोटा भरण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, तिच्यावरची टीका मात्र मला पटते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे आलेल्या 'ओपन इलेक्टिव्ह'चीही तीच गत होऊ शकते. तो दोष राबवण्याचा आहे, प्रवेशसंख्येशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

मग पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गात बाकं रिकामी दिसतात, त्याचं काय? कम्युनिटी कॉलेजांच्या पटावर आज जवळपास पाचवा हिस्सा शाळकरी मुलांचा आहे. इंग्रजी, इतिहास, प्राथमिक गणित असे हेच विषय ती अकरावी-बारावीतच, पुष्कळदा फुकट किंवा कमी फीत उरकतात. तीस क्रेडिट खिशात घालून आलेली मुलगीही सरकारी मोजणीत पहिल्या वर्षाचीच विद्यार्थिनी धरली जाते, फक्त ती त्या वर्गात बसत नाही.